चाबूक कोणी नेमला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवर नव्या चोपड्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात, आणि मग वर्षभर त्या वहीत जमा-नावे होत राहते. कोणाकडून काय आणले, कोणाला काय दिले, येणे किती, देणे किती, सारे तिच्यात असते. एकच गोष्ट नसते. 'अमक्याने तमक्याला आज सात वेळा उठवले, बसवले, पुन्हा पाठवले. आणि तो मुकाट्याने गेला' अशी नोंद कोणत्याही चोपडीत सापडायची नाही. नोकराचा पगार एका ओळीत संपतो. त्या ओळीच्या पोटात महिनाभर जो हुकूम चालतो आणि जो पाळला जातो, त्याचा हिशेब ठेवण्याची सोय अजून कोणा मुनिमाने काढलेली नाही.

हा हुकूम येतो कोठून? आणि तो कोणी का पाळावा? मी काही धंद्यातला माणूस नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही. दिवसा पोरांना शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण कादंबरी लिहिणाऱ्याला माणसे न्याहाळण्याची खोड असते, आणि आपल्यातली किती तरी माणसे जागेपणीचा निम्मा वेळ कोणाच्या तरी कचेरीत, कारखान्यात नाही तर दुकानात काढतात. तेथे काय चालते हे न पाहता त्यांची गोष्ट सांगणे म्हणजे नवरानवरीला वगळून लग्नाची गोष्ट सांगण्यासारखे आहे. म्हणून या प्रश्नाच्या मागे मी लागलो, आणि आश्चर्य असे की, अर्थशास्त्रासारख्या रुक्ष समजल्या जाणाऱ्या शास्त्रात मला तो भेटला.

१९३१ साली रोनाल्ड कोझ नावाचा एक विशीतला इंग्रज विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेला आणि तेथले कारखाने पाहत हिंडला. त्याच्या डोक्यात एक पोरकट वाटावा असा प्रश्न होता. वर्गात त्याला शिकवलेले असे की, बाजारात किमती वरखाली होतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर साऱ्या जगाचा व्यवहार आपोआप चालतो. कोणी कोणाला हुकूम सोडावा लागत नाही. तिकडे रशियात लेनिनने सारा देश एखाद्या कारखान्यासारखा चालवण्याची कल्पना मांडली होती, आणि पश्चिमेतले पंडित ती अशक्य म्हणून मोडीत काढत होते. कोझला वाटले, हुकमावर कारभार चालणे अशक्य असेल, तर हे अमेरिकेतले प्रचंड कारखाने आतून कशावर चालले आहेत? फाटकाच्या बाहेर भाव बोलतो हे खरे; पण फाटकाच्या आत तो गप्प असतो. एका खात्यातला माणूस उठून दुसऱ्या खात्यात जातो, तो तिकडे भाव वधारला म्हणून नव्हे, तर साहेबाने सांगितले म्हणून. बाजार इतका गुणी, तर मग कंपन्या हव्यातच कशाला?

त्याचे उत्तर १९३७ साली एका लेखात छापून आले, आणि त्याच्या कामाला नोबेल पारितोषिक मिळायला १९९१ साल उजाडले. उत्तर मात्र घरातल्या कोणत्याही बाईला आधीच ठाऊक असलेले आहे. बाजारात जाण्यालाही खर्च येतो, हे ते उत्तर. कल्पना करा, एखाद्या घरात दिवाळीचा फराळ ठरावावर करायचा ठरला. भाजणी भाजण्याची बोली थोरल्या सुनेशी, सोऱ्या फिरवण्याची धाकटीशी, कढईपाशी बसण्याची आत्याबाईंशी. प्रत्येक घाण्याला नवा भाव, चकली मोडली तर भरपाई कोणाची यावर वाद, वाद मिटवायला पंच. लक्ष्मीपूजन येऊन जाईल, पण चकली काही तेलात पडायची नाही! म्हणून घरात ठराव नसतो. एकजण सांगते, बाकीच्या करतात. कंपनीचेही तसेच. पदोपदी माणूस शोधणे, घासाघीस करणे, करार लिहिणे आणि तो पाळला गेला की नाही ते पाहणे यापेक्षा माणसे एकदाच पगारावर ठेवून त्यांना सांगत राहणे जेथे स्वस्त पडते, तेथे कंपनी उभी राहते; आणि सांगत राहणेच जेथे महाग पडू लागते, तेथे तिची वाढ थांबते. कोझच्या आधी रॉबर्टसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने बाजारातल्या कंपन्यांना ताकातल्या लोण्याच्या गोळ्यांची उपमा दिली होती. कोझला ती आवडली, आणि दही घुसळणाऱ्या आपल्या लोकांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर सारे ठीक. हुकूम स्वस्त पडतो म्हणून तो असतो. पण स्वस्त पडणारी प्रत्येक गोष्ट न्याय्य असते असे थोडेच आहे? खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

१९७२ साली अल्चियन आणि डेम्सेट्झ या दोघा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी तो प्रश्नच उडवून लावला. त्यांचे म्हणणे, कंपनीत हुकूम असा काही नसतोच. मालकाने कारकुनाला 'हे पत्र टाइप कर' म्हणणे आणि गिऱ्हाइकाने वाण्याला 'तो जिन्नस दे' म्हणणे, यात काही अंतर नाही. पटले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाईल आणि कारकून दुसऱ्या कचेरीत जाईल. दोघेही मोकळे.

हे वाचून मी आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. मी त्याच्याकडे जायचे सोडले तर त्याच्या दिव्यातले तेल कमी होणार नाही. माझ्यासारखी शंभर गिऱ्हाइके त्याला आहेत. कारकुनाला गिऱ्हाईक एकच असते. ते गेले की त्या घरी दुसऱ्या महिन्यात दूध कमी येऊ लागते. दुसरे असे की, वाण्याशी माझा सौदा शेरभर डाळीचा. तो पुरा झाला की वाण्याने चहा केव्हा प्यावा, लेकीच्या शाळेत कार्यक्रमाला जावे की नाही, हे मी त्याला सांगू शकत नाही. नोकरीत सौदा कशाचा होतो? 'सांगू ते काम' याचा! नोकरी म्हणजे कोऱ्या कागदावरची सही. पुढे त्या कागदावर काय काय लिहिले जाणार, हे सही करताना दोघांनाही ठाऊक नसते, आणि तसे ते ठाऊक नसते म्हणूनच तर ती सोयीची असते. मात्र लेखणी राहते एकाच्याच हाती. तेव्हा नीतीचा प्रश्न पगार किती एवढाच नाही. ती लेखणी कोणाच्या हाती आहे, आणि तिच्यावर कोणाचा धाक आहे, हा आहे.

या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ एक गोष्ट सांगतात. स्टीव्हन च्युंग यांनी ती १९८३ च्या आपल्या एका लेखात दिली आहे. जुन्या चीनमध्ये नदीच्या प्रवाहाविरुद्ध मोठमोठ्या नावा काठावरून दोरखंडाने ओढून नेत. ओढणाऱ्यांची रांगच्या रांग, आणि त्यांच्याबरोबर चाबूक घेतलेला एक मुकादम. याच गोष्टीचे आणखी एक रूप आहे. नावेत बसलेल्या एका परदेशी बाईंना ते दृश्य पाहवले नाही. हा अत्याचार थांबवा, म्हणून त्यांनी आग्रह धरला. त्यांना सांगण्यात आले, 'बाई, या मुकादमाला त्या ओढणाऱ्यांनीच पगारावर ठेवला आहे.'

गोष्ट मोठी खोचक आहे, आणि तिच्यातले तर्कशास्त्र बिनचूक आहे. दोरीला वीस माणसे लागली की प्रत्येकाच्या मनात येते, आपण थोडा हात सैल सोडला तर कोणाला कळणार? राजाच्या हौदात रात्री दुधाऐवजी पाणी ओतणाऱ्या गावकऱ्यांच्या मनात हेच आले होते. सगळे तसेच वागले की नाव हलत नाही, आणि जो प्रामाणिकपणे ओढतो त्याचेच खांदे सोलून निघतात. तेव्हा आपल्यावर नजर ठेवणारा कोणी असावा, असे त्या प्रामाणिक माणसालाच वाटते. म्हणजे हुकूम असतो तेथे जुलूम असतोच, असे नाही. शिस्त ही कष्ट करणाराची स्वतःची गरज असू शकते. वर्गावर लक्ष ठेवणारा मास्तर सर्वांत जास्त कोणाला हवा असतो? अभ्यास करू पाहणाऱ्या पोराला!

पण या गोष्टीचे सारे बळ एका वाक्यात आहे: चाबूकवाल्याला ओढणाऱ्यांनीच नेमलेला आहे. ते वाक्य काढून घ्या, काय उरते पाहा. म्हणून कोणतीही कचेरी, कोणताही कारखाना पाहिला की मी मनाशी विचारतो, येथे चाबूक कोणी नेमला?

आपल्या मुंबईच्या गिरण्यांना हा प्रश्न विचारून पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी एक पद्धत रूढ झाली. कंपनी भागधारकांची, पण कारभार पाहणार मॅनेजिंग एजंटांची पेढी. जुन्या काळी पुष्कळ गिरण्यांत या एजंटांचे कमिशन सुताच्या पौंडामागे पाव आणा असे असे. वाचकहो, हा पाव आणा नीट पाहण्याजोगा आहे. तो नफ्यावर नव्हता, उत्पादनावर होता. माल खपो न खपो, भागधारकाला लाभांश मिळो न मिळो, चात्या फिरत राहिल्या की एजंटाच्या पेटीत पाव आणा पडत राही. म्हणजे येथे चाबूकवाला नावेच्या मालकाचाही राहिला नाही. नाव कोणीकडेही जावो, त्याला पावलामागे पैसा. १९५६ च्या कंपनी कायद्याने या पद्धतीला लगाम घातला, आणि ३ एप्रिल १९७० पासून ती बंदच झाली.

ही झाली वरची बाजू. खाली खात्यात जॉबर असे. माणूस कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, रजा देणारा तोच. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यात नायकीण असे. न्यायाने सांगायचे तर जॉबर नुसता लुटारू नव्हता. गावाकडून आलेल्या पोराला तो खोली पाहून देई, अडीनडीला उसने पैसे देई. पण तो ज्याच्यावर राजी त्याचे घर चाले, ज्याच्यावर खप्पा मर्जी तो फाटकाबाहेर उभा. १९३१ साली मजुरांसंबंधीच्या रॉयल कमिशनने जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी अशी शिफारस केली, आणि १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली, तेव्हा कोठे त्याची मूठ थोडी सैल झाली. मग कामगारांनी बोलायचे कोणामार्फत? १९४६ च्या कायद्याने एका धंद्यात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत पगाराइतकीच ही मागणीही होती, की आमच्या वतीने कोणी बोलावे ते आम्हांला ठरवू द्या. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो विरून गेला. चाबूकवाला त्यांचा नव्हताच. पण 'चाबूक आवर' असे सांगणारा तरी आपला असावा, एवढेही त्यांना मिळाले नाही. ज्या गिरणगावात ही माणसे राहिली, तेथे आज उंच इमारती आहेत.

या साऱ्याचा विचार करताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माणसांनी एकत्र काम करण्याच्या दोन जुन्या रीती आपल्याला ठाऊक आहेत, घर आणि बाजार. घरात हुकूम असतो, पण जबाबदारीही असते. कर्त्या पुरुषाचे ऐकावे लागते. उलट वाईट दिवस आले तर 'तुझी गरज संपली, नीघ' असे तो धाकट्या भावाला म्हणू शकत नाही. बाजारात जबाबदारी नसते, पण हुकूमही नसतो. भाव पडला तर वाणी मला पोसणार नाही; परंतु तो माझ्यावर डोळेही वटारणार नाही. कंपनीने मोठ्या चतुराईने घराकडून हुकूम घेतला आणि बाजाराकडून बेजबाबदारी घेतली. काम अडले की 'आपण सारे एक कुटुंब'. मंदी आली की 'बाजारच तसा आहे, आमचा नाइलाज आहे'.

हे मोठ्या कंपन्यांतच होते असे नाही. मी ज्या शाळेत शिकवतो, तेथे काही शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत काही नाही. खडू तोच, फळा तोच, पोरेही तीच. गेल्या स्नेहसंमेलनात संस्थेच्या चिटणिसांनी भाषणात कुटुंबाचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी तासिकेवरच्या एक तरुण बाई बसल्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "सर, दिवाळीत ज्यांना ताटावर बसवत नाहीत, ते कुटुंबात कोण असतात हो?" मी भाषेचा मास्तर, नात्यांची नावे पोरांकडून पाठ करून घेतो. या नात्याला मराठीत नाव नाही.

मग ओढणाऱ्यांनीच चाबूकवाला नेमावा, असे कोठे घडते का? घडते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याची लिज्जत झाली. आज हजारो बहिणी तेथे पापड लाटतात, आणि त्या नोकर नव्हेत, सभासद आहेत. पीठ कसे मळावे, पापड किती पातळ असावा याची शिस्त तेथे कडक आहे. कच्चा पापड परत येतो. पण ती शिस्त लाटणारीची स्वतःची आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ साली एका धर्मगुरूच्या प्रेरणेने मोंड्रागॉनच्या सहकारी कारखान्यांचा आरंभ झाला. तेथे कामगारच मालक आणि दर माणशी एक मत. तेही अमर नाहीत. त्यांतला घरगुती उपकरणे करणारा मोठा कारखाना २०१३ साली बुडाला. आपला मुकादम आपण निवडला म्हणून नदीचा प्रवाह काही कमी होत नाही. पण आपल्या हाताने वल्हवताना बुडणे आणि दुसऱ्याने ढकलून देणे, यांत अंतर आहे.

आणि आपले साखर कारखाने? १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणारा शेतकरी सभासद झाला. एकर दोन असोत की वीस, मत एक. महाराष्ट्राने जगाला अभिमानाने दाखवावी अशी ही गोष्ट. पण दिवाळी सरत आली की बीडकडच्या कोरडवाहू गावांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांत भांडीकुंडी असतात, पोरे असतात. नवराबायको मिळून हिशेबात एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता चालायचा. हे लोक कारखान्याचे सभासद नाहीत, आणि बहुधा नोकरही नाहीत. त्यांचा करार मुकादमाशी. ज्या शेतकऱ्यांनी आपला चाबूकवाला आपण नेमण्याचा हक्क मिळवला, त्यांच्याच उसाच्या फडात दुसऱ्यांसाठी नेमलेला चाबूकवाला उभा आहे.

कोझने सांगितले की कंपनीची सीमा खर्चावरून ठरते. काय आत ठेवावे, काय बाहेरून आणावे. ते बरोबर आहे. पण ती सीमा आणखी एक गोष्ट ठरवते: कोणाचे दुःख आपले, आणि कोणाचे परक्याचे. कंत्राटाच्या एका कागदाने माणूस सीमेबाहेर टाकता येतो. तो तोच ऊस तोडतो, तीच फरशी पुसतो, त्याच फळ्यावर लिहितो. त्याच्या आजारपणाचा खर्च मात्र आता दुसऱ्याच्या वहीत पडतो, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रावर पडतो. खर्च वाचत नाही. तो जागा बदलतो. ज्याला आपण काटकसर म्हणतो तिच्यातली खरी काटकसर किती आणि नुसते ढकलणे किती, हे पाहणे अर्थशास्त्राचे काम असेल नसेल. नीतीचे नक्की आहे.

मग बाजाराला शिव्या घालून जुन्या बलुतेदारीकडे जायचे का? मुळीच नाही. तेथेही दरवेळी घासाघीस नव्हती. सुगीला बलुते मिळे. पण सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे, आणि गाव सोडायची सोय नाही. महार-मांगांच्या वाट्याला त्या व्यवस्थेत काय आले, ते आपण विसरू नये. 'मी चाललो' असे म्हणता येणे ही बाजाराची देणगी आहे. आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली हे नेमके मांडले: बिघडलेल्या जागी माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. ज्याला निघून जाणे परवडत नाही, त्याला आवाजाची सोय असायलाच हवी. आणि नेमका त्याचाच आवाज सगळ्यांत आधी दाबला जातो. जर्मनीने १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांत निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. त्याने तेथले कारखाने काही बंद पडले नाहीत.

तेव्हा हुकूम नको असे माझे म्हणणे नाही. वीस माणसांची नाव कोणी तरी सांगितल्याशिवाय हलत नाही. परंतु हुकूम मानावा कोणाचा? ज्याला 'नाही' म्हणून निघून गेले तर घरची चूल विझत नाही, त्याचा. ज्याला 'चुकते आहे' असे तोंडावर सांगता येते, त्याचा. आणि नाव बुडाली तर ज्याच्या नाकातोंडात आपल्याइतकेच पाणी जाणार आहे, त्याचा. या तिन्हींतले एकही जेथे नाही, तेथे पगार कितीही मोठा असो, तो हुकूम नुसता जोर आहे.

या दिवाळीला पुण्याहून, मुंबईहून, बंगळूरहून मुलगे आणि मुली घरी येतील. कोणी संगणकापाशी बसणारे, कोणी दुकानात मोजमाप करणारे, कोणी दुचाकीवरून लोकांच्या घरी डबे पोचवणारे. फराळाचे ताट पुढे ठेवताना 'पगार किती वाढला?' असे आपण विचारणारच, विचारावे. पण त्याबरोबर एवढेही विचारून पाहावे, 'तिथं तुझं कोणी ऐकतं का रे?' उत्तराला थोडा वेळ लागला, तर ताट उचलण्याची घाई करू नये.